असू दे, लागेल कधीतरी!

आपल्या घरांतून सगळ्यात जास्त वेळा म्हटला जाणारा मंत्र कोणता, असं कुणी विचारलं तर मी रामरक्षेचं नाव घेणार नाही. "असू दे, लागेल कधीतरी" हा तो मंत्र! श्रीखंडाचा रिकामा डबा, टीव्हीचं खोकं, बिघडलेला मिक्सर, एका पिशवीत कोंबलेल्या शंभर पिशव्या... सगळ्यांवर हा मंत्र म्हणायचा आणि वस्तू माळ्यावर चढवायची. वर त्याला "काटकसर" म्हणायचं! माझं भांडण आहे ते या शब्दाशी. मी काटकसरीच्या घरात वाढलेली बाई आहे, त्यामुळे हा शब्द असा फुकट वापरलेला मला खपत नाही.

काटकसर कशी होती सांगते. आईचं लुगडं विरलं की मऊ भागाची दुपटी व्हायची, उरलेलं गोधडीत जायचं. गोधडी फाटली की पायपुसणं, आणि अगदी शेवटी कंदिलाची काच पुसायला चिंधी. वहीची कोरी पानं फाडून, दाभणाने शिवून पुढच्या वर्षाची कच्ची वही व्हायची. दारावर बोहारीण यायची, तिच्याशी तासभर घासाघीस करून चार जुन्या कपड्यांवर एक पातेलं मिळायचं. म्हणजे काय, तर वस्तू घरात बसून राहत नसे. माळ्यावर असायची ती गणपतीची आरास, पाटा-चौरंग, पावसाळ्याची बेगमी. वर्षातून एकदा तरी खाली उतरणारंच सामान.

आता ती साखळी तुटली. पॉलिस्टरच्या साडीची गोधडी अंगाला लागत नाही. सोसायटीचा वॉचमन बोहारणीला फाटकातच अडवतो. मिक्सर दुरुस्त करणारा नव्याच्या निम्मे पैसे मागतो. वस्तू येण्याची वाट रुंद झाली, जाण्याची बंद झाली. आपण मात्र अजून आईच्याच आवाजात "टाकू नकोस गं" म्हणतो. आई टाकत नव्हती हे खरं, पण ती ठेवून देत होती असं कुणी सांगितलं? ती वापरत होती!

आमच्या पिढीला धास्ती आहे, हे मला मान्य आहे. १९७२ चा दुष्काळ आम्ही पाहिला, मिलो खाल्ला, रॉकेलच्या रांगेत उभे राहिलो. टेलिफोनला नंबर लावायचा आणि विसरून जायचं, असे ते दिवस. अशा माणसाचा हात रिकामा डबासुद्धा टाकताना अडखळतो. पण मंडळी, धास्तीला धास्ती म्हणा की! तिला संस्कार म्हणून सुनेच्या गळ्यात कशाला घालता?

आणि ही फक्त म्हाताऱ्यांची खोड आहे असंही कुणी समजू नये. नातवंडांच्या खोलीत जाऊन बघा. मोबाईलची रिकामी खोकी ओळीने मांडलेली असतात. विचारलं तर उत्तर तेच, "असू दे आजी, विकताना लागेल." मोबाईल जाऊन चार वर्षं झाली, खोकं आहे!

एकदा वस्तू "आपली" झाली की ती मनात महाग होते. काहनेमन, नेच आणि थेलर या तिघांनी यावर प्रयोग केले, ते १९९० साली प्रसिद्ध झाले. वर्गातल्या निम्म्या विद्यार्थ्यांना एकेक कॉफीचा मग दिला. ज्यांना मिळाला ते विकण्यासाठी जी किंमत मागू लागले, ती ज्यांना मिळाला नव्हता त्यांनी देऊ केलेल्या किमतीच्या साधारण दुप्पट होती. मग तोच, कुणी घाम गाळून मिळवलेलाही नाही, नुसता हातात आला एवढंच. आपल्या शोकेसमधले सहा कप आठवले ना?

(एक सांगून ठेवते. काही माणसांना खरोखरच काहीही टाकता येत नाही, घरात चालायला वाट उरत नाही. तो आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या यादीत त्याची स्वतंत्र नोंद आहे. त्यांची चेष्टा करू नये, डॉक्टर गाठावा. मी बोलते आहे ती तुमच्या-माझ्यासारख्या धडधाकट लोकांबद्दल.)

"असेना का पडलेलं, खायला मागतंय का?" असं म्हणणारे भेटतात. मागतंय! आमच्या सांगलीत २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. माझी मावसबहीण गावभागात राहते, बैठं घर. पाणी बोळात आलं तेव्हा घरातल्यांनी तांदळाचा डबा, गाद्या, नातीची दहावीची पुस्तकं उचलली आणि माळ्यावर टाकायला गेले. तर माळ्यावर जागाच नाही! बंब, तुटका पाळणा, लग्नात आलेली आणि नाव घातलेली स्टीलची पिंपं, मेहुण्यांच्या कचेरीतल्या फायली, खोकी, खोकी, खोकी. खाली उतरवायला वेळ नाही आणि खाली तर पाणी. माणसं सुखरूप बाहेर पडली, ही देवाची कृपा. आठवड्याने परत आलो तेव्हा तांदूळ कुजलेले, पुस्तकांचा लगदा झालेला. आणि वर माळ्यावर टीव्हीचं खोकं कोरडं ठणठणीत! रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोकांच्या संसारांचे ढीग लागले होते आणि आमचं जे वाचलं होतं, ते आधीच टाकायला हवं होतं.

तिने तो माळा त्याच दिवाळीत रिकामा केला. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा पूर आला, तेव्हा पुस्तकं, धान्य आणि कागदपत्रं अर्ध्या तासात वर गेली.

दिवाळीवरून आठवलं. आपली दिवाळीची साफसफाई म्हणजे तरी काय? माळ्यावरचं सामान खाली उतरवायचं, पुसायचं, कौतुकाने बघायचं आणि पुन्हा वर ठेवायचं. वस्तूंची वार्षिक सहलच ती! कंबर मात्र घरातल्या बाईची मोडते. सामान पाच जणांचं, पुसणारी एक.

त्या जपानी बाई मारी कोंडो, त्यांचं पुस्तक २०१४ साली इंग्रजीत आलं आणि २०१९ मध्ये कार्यक्रमही. वस्तू हातात धरून विचारायचं म्हणे, हिच्याने आनंद होतो का? आता कुकरच्या रिंगने कुणाला आनंद होतो? आणि सासऱ्यांच्या फायलींचा आनंद सुनेने ठरवायचा का? तिसरं मूल झाल्यावर आवराआवर मागे पडली, असं २०२३ मध्ये खुद्द त्याच म्हणाल्या, तेव्हा मला त्या बाई पहिल्यांदा आवडल्या.

माझा प्रश्न साधा आहे. "लागेल" म्हणणाऱ्याने सांगावं, कुणाला आणि केव्हा? माणसाचं नाव हवं, महिना हवा. "पाळणा धाकटीला, मार्चमध्ये" असं म्हणालात तर खुशाल ठेवा, मी धूळही पुसून देईन. "कुणाला तरी, कधीतरी" असं उत्तर आलं तर वस्तू आठवड्यात घराबाहेर. आणि ज्याची वस्तू त्यानेच ती माळ्यावरून उतरवायची, हे दुसरं. पुरुषमंडळींच्या फायली या नियमाने चटकन कमी होतात, असा अनुभव आहे.

निवृत्त शिक्षकाकडे शाली फार साठतात. सत्कार म्हटला की शाल आणि नारळ. नारळाची चटणी होते, शालीचं काय? मी थंडी सुरू होण्याआधी, नोव्हेंबरात, एस. टी. स्टँडवरच्या बायकांना त्या देऊन टाकते. "अहो, सन्मानाची शाल!" असं एका शेजाऱ्यांनी ऐकवलं. सन्मान झाला त्या दिवशीच संपला, कपाटात उरते ती लोकर. लग्नपत्रिकांचं दुखणं याहून मोठं, प्रत्येकीवर गणपती! छापणाऱ्यांनीच जरा विचार करावा, नाहीतर आपण गणपतीला रबरबँड लावून खणात कोंबत राहणार. ती काय भक्ती झाली?

उरला शेवटचा युक्तिवाद. "आमच्यामागे मुलं बघतील काय ते." मुलं बंगळूरला नाहीतर न्यू जर्सीला. त्यांना रजा मिळणार दहा दिवसांची, त्यातले दिवसकार्यातच जायचे. उरलेल्या वेळात ती काय करतील? भंगारवाल्याला फोन. तो सगळं किलोवर घेतो. आजीचा तांब्याचा बंब, आईची पत्रं, बाबांच्या फायली आणि टीव्हीचं खोकं, सगळं एकाच टेम्पोत चढतं. त्यातलं काय जपायचं होतं, हे सांगायला तेव्हा तिथे कुणी नसतं.