‘क्रेशेंडो’ : वाढ की शिखर?

‘तिसऱ्या अंकात नाट्य क्रेशेंडोला पोहोचते’, अशा धर्तीची विधाने समीक्षालेखांतून आणि विद्यार्थ्यांच्या प्रबंधिकांतून अधूनमधून आढळतात. येथे हा शब्द ‘उत्कर्षबिंदू’ या अर्थाने योजलेला असतो. हा वापर केवळ सैल नाही, तर समीक्षेच्या दृष्टीने हानिकारक आहे, असे मला वाटते.

‘क्रेशेंडो’ हे इटालियन भाषेतील ‘वाढणे’ या अर्थाच्या क्रियापदाचे कृदन्त रूप होय; त्याचा अर्थ ‘वाढत वाढत’. ध्वनीची तीव्रता क्रमाक्रमाने वाढवीत न्यावी, अशी ती वादकाला व गायकाला दिलेली सूचना आहे. वाढीची परिणती शिखरातच व्हावी, असे हा शब्द सांगत नाही. बेथोव्हेनच्या रचनांत तर चढत गेलेला ध्वनी ऐन क्षणी एकाएकी मंद होतो. वाढ घडते, अपेक्षित शिखर मात्र येत नाही.

साहित्यातही हा शब्द मूळ अर्थाने आलेला आहे. बोमार्शेच्या ‘सेव्हिलचा न्हावी’ (१७७५) या फ्रेंच नाटकात संगीतशिक्षक बाझील निंदेचा प्रसार कसा होतो हे सांगताना संगीताच्याच परिभाषेचा आधार घेतो. कुजबुज तोंडोतोंडी बळावत जाते, आणि त्या वाढीलाच तो ‘क्रेशेंडो’ म्हणतो. याच नाटकावर आधारलेल्या रॉसिनीच्या ऑपेरात (१८१६) ते भाषण गीत झाले आणि वाद्यवृंदाच्या वाढत्या ध्वनीने निंदेची वाढ ऐकू येऊ लागली. येथे वाढ हाच आशय आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. शब्दांचे अर्थ वापराने बदलतात. फिट्झजेराल्डच्या ‘द ग्रेट गॅट्स्बी’मध्येही (१९२५) हा शब्द शिखराच्या अर्थाने येतो आणि इंग्रजी कोशांनीही तो अर्थ नोंदविला आहे. व्यवहारभाषेपुरते हे मान्य करावे. परंतु परिभाषेचे काम भेद दाखविण्याचे असते. शिखरासाठी ‘उत्कर्षबिंदू’ हा शब्द आपल्याकडे आहेच. ‘क्रेशेंडो’ही त्याच अर्थाने वापरला, तर शिखराविना संपणाऱ्या वाढीला आपण काय म्हणणार?

हिंदुस्थानी संगीतातील ‘बढत’ हा त्याचा पर्याय नव्हे. ती रागाच्या क्रमशः विस्ताराची संज्ञा आहे, ध्वनीच्या तीव्रतेची नव्हे. तथापि वाढीकडे स्वतंत्रपणे पाहण्याची दृष्टी तिच्यात आहे. कलाकृती कोठे पोहोचली एवढेच नोंदवून थांबणारा अभ्यासक ती तेथवर कशी गेली, हे वाचावयाचे विसरतो. शब्दाच्या काटेकोर वापराचा आग्रह धरावयाचा तो यासाठी.