फतव्याआधी पॅच टेस्ट

लेझर हराम की हलाल, यावर आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर कायम काथ्याकूट चालू असतो. एक बाजू म्हणते, अल्लाहने दिलेल्या रूपात ढवळाढवळ नको. दुसरी विचारते, मग दातांना तार लावलेली कशी चालते? मेहंदीने रंगवलेल्या दाढ्या कुरवाळत मंडळी बायकांच्या हनुवटीखालच्या सैल कातडीवर निकाल देतात, याची मला गंमत वाटते. (पांढरे केस रंगवायला हदीसची परवानगी आहे, हे मात्र सगळ्यांना तोंडपाठ.)

माझी तक्रार वेगळी आहे. या वादाचा फायदा मशीनवाल्याला होतो. एकदा ‘जायज’ ठरलं की ते निर्धोकही असणार, असं आपण गृहीत धरतो. हा उजेड आपल्या सावळ्या कातडीला सोसतो का, हे विचारायचं राहूनच जातं.

‘ऑपरेशन नाही, टाके नाहीत’ असं बोर्डावर लिहिलेलं असतं. खरंच आहे ते. पण ही पद्धत चालते ती इजेवरच. कातडीच्या आतल्या थरात साठ अंशांच्या आसपास उष्णता पोचली की कोलॅजनचे धागे आकसतात. शरीर ती जखम समजतं आणि पुढचे काही महिने नवं कोलॅजन तयार करत राहतं. म्हणून फरक हळूहळू दिसतो, आणि तोही बेताचा. खूप लोंबलेली मान यानं वर जात नाही, चरबी आणि सैल स्नायू तर जागच्या जागीच राहतात. हे बोर्डावर नसतं.

1983 साली रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी या उपचारांमागचं मूळ तत्त्व मांडलं: ज्याला तापवायचं आहे तेच शोषून घेईल असा प्रकाश निवडा आणि तो क्षणभरच सोडा, म्हणजे शेजारचा भाग वाचतो. सुरेख कल्पना. पण आत जाणाऱ्या उजेडाला आधी वरच्या थरातलं मेलॅनिन ओलांडावं लागतं, आणि मेलॅनिनही उजेड पितं. कातडी जितकी सावळी, तितकी उष्णता वरच अडकते. मग फोड, भाजणं, आणि महिनोन्‌महिने न जाणारे काळे डाग. मानेची कातडी तर चेहऱ्यापेक्षा पातळ, तिथली जखम भरायलाही वेळ लागतो. सुरकुत्या घालवायला गेलेली बाई काळे पट्टे घेऊन परत येते, आणि घरचे म्हणतात, ‘बघा, अल्लाहची मर्जी.’ यात कुणाची मर्जी नाही, चुकीची सेटिंग आहे.

कातडीचे प्रकार मोजायची जी पट्टी डॉक्टर वापरतात, ती टॉमस फिट्झपॅट्रिक यांनी 1975 साली बनवली. सुरुवातीला ती गोऱ्या कातडीपुरतीच होती. आपले वर्ग नंतर जोडले गेले.

याचा अर्थ आपल्यासाठी काहीच नाही असा नव्हे. 1064 नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर मेलॅनिनमध्ये कमी अडकतो आणि खोल जातो, त्यामुळे सावळ्या कातडीला तो तुलनेनं सुरक्षित. पण पाटीवरचं ‘लेझर’ म्हणजे हेच, याची खात्री काय? पुष्कळ ठिकाणी ते आयपीएल निघतं, म्हणजे अनेक तरंगलांबींचा मिसळलेला झगझगीत दिवा, लेझर नव्हेच. आपल्या रंगाला जास्त जपायला हवं ते याच्यापासून. वर लग्नसराईचं पॅकेज, सहा सिटिंगचे पैसे आगाऊ, आणि हँडपीस धरणारी मुलगी बहुधा चार दिवसांचं ट्रेनिंग घेऊन आलेली. नवरीच्या आईनं वलीम्याच्या आदल्या आठवड्यात हे करून घ्यावं, यासारखा वाईट मुहूर्त नाही.

इजा करू नये आणि इजेचा बदलाही इजेनं देऊ नये, हे फिकहचं जुनं सूत्र आपल्या उलेमांना मी सांगायची गरज नाही. तेव्हा पुढच्या वेळी कुणी मुफ्तीसाहेबांकडे हा मसला घेऊन आलं, तर त्यांनी रूप बदलण्याचा विषय काढण्याआधी एवढं विचारावं: मशीन कोणतं, चालवणारा त्वचारोगतज्ज्ञ आहे का, आणि कानामागे पॅच टेस्ट करून काही आठवडे वाट पाहिली का?