गुहागरात डीआय वॉटर कार वॉश? मशीनच्या आधी विहिरीचं पाणी मोजा

घरच्या घरी डीआय वॉटरने गाडी धुण्याचं युनिट विकणारा माणूस तुम्हाला नेहमी एकच गोष्ट दाखवणार. काळी गाडी, वरून पाण्याचा फवारा, कापड न लावता वाळलेलं बॉनेट आणि एकही पांढरा डाग नाही. हे खरं आहे, त्यात जादूही नाही आणि फसवणूकही नाही. पण तेवढं बघून गुहागरसारख्या गावात कर्ज काढायचं, युनिट आणायचं आणि मग घरपोच कार वॉशला गिऱ्हाईक शोधायचं, याला माझा विरोध आहे. धंद्याला विरोध नाही, या क्रमाला आहे.

आधी हे पाणी म्हणजे काय ते बघू. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला आपण कॅन आणतो ना, ते "बॅटरीचं पाणी" याच जातीचं. लोटे-परशुरामच्या कंपन्यांत काम केलेल्या माणसाला विचारा, तो याला डीएम वॉटर म्हणेल. पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियमचे क्षार विरघळलेले असतात. पाणी उडून जातं आणि क्षार पत्र्यावर राहतात, तोच तो गोल डाग. डीआयच्या टाकीत रेझिनचे बारीक मणी असतात, ते हे क्षार धरून ठेवतात. क्षारच नाहीत तर डाग कशाचा पडणार?

आता खरी गोष्ट. रेझिनची धरून ठेवायची ताकद ठरलेली असते. ती भरली की संपलं, रेझिन बदला. म्हणजे तुमचा खर्च मशीनच्या किमतीवर कमी आणि तुमच्या पाण्यावर जास्त ठरतो. ढोबळ हिशेब सांगतो. पाण्याचा टीडीएस 100 असेल तर एक लिटर रेझिनमधून साधारण 200 लिटर पाणी निघतं. टीडीएस 500 असेल तर तेच रेझिन 40 लिटरला हात टेकतं. समजा रेझिन तुम्हाला लिटरला 400 रुपयांनी पडलं आणि एका गाडीच्या शेवटच्या फवाऱ्याला 10 लिटर पाणी लागलं. पहिल्या घरी गाडीमागे 20 रुपये खर्च, दुसऱ्या घरी 100 रुपये. मशीन तेच, माणूस तोच, मेहनत तीच! एकाचा धंदा चालतो आणि दुसरा सहा महिन्यांत मशीन विकायला काढतो.

आणि आपल्याकडे हा फरक एकाच गावात सापडतो. वरच्या अंगाला जांभ्यातल्या विहिरीचं पाणी बहुतेक वेळा इतकं हलकं असतं की साबणाला फेस भसाभस येतो. अशा पाण्याने सकाळी सावलीत गाडी धुऊन मायक्रोफायबरने पुसली तर डीआयची गरजच नाही. उलट किनाऱ्याला लागून असलेल्या बोअरचं पाणी मे महिन्यात मचूळ लागायला लागतं. तिथे डीआय लावलात तर रेझिन मीठ खाण्यातच संपेल. टीडीएस मीटर काही शे रुपयांत मिळतो. तो घ्या आणि जिथे गाड्या धुणार त्या वाडीतल्या पाच-सहा घरांचं पाणी मोजा, एकदा दिवाळीनंतर आणि एकदा मेमध्ये. हा तुमचा मार्केट सर्व्हे.

विक्रेता म्हणेल, टीडीएस जास्त आहे तर आधी आरओ बसवा, मग डीआय. तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. पण आरओ चांगलं पाणी देताना बरंच पाणी बाहेर टाकतो. कोकणात पाऊस धो धो पडतो तरी जांभा ते पाणी धरून ठेवत नाही आणि एप्रिल-मेमध्ये कितीतरी वाड्यांना टँकरची वाट बघावी लागते. शेजारच्या घरात हंडे रांगेत असताना तुमच्या युनिटचं पाणी गटारात जातंय, हे चित्र गावात एकदा दिसलं की धंदा संपला. इथे सगळे सगळ्यांना ओळखतात.

मग गुहागरच्या गिऱ्हाइकाला हवंय काय? पुण्याहून, मुंबईहून आलेली गाडी बघा. दाभोळहून फेरीबोटीने धोपाव्याला उतरलेली, वेळणेश्वर-हेदवी करून आलेली, वर तांबडी धूळ आणि खाली वाळू. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम मीठ असतं. त्याचे तुषार चाकांच्या कमानीत, दरवाज्यांच्या खालच्या कडेत बसतात आणि पत्रा तिथूनच खायला सुरुवात होते. मालकाची नजर मात्र बॉनेटवर. त्याला खालची बाजू दाखवा, मोबाइलवर फोटो काढून दाखवा. अंडरबॉडी वॉश ही तुमची मुख्य सेवा ठेवा. त्याला डीआय लागत नाही, साधं गोडं पाणी आणि बऱ्यापैकी प्रेशर पुरतं. डीआय हा वरचा वीस टक्के भाग आहे आणि तो वेगळे पैसे घेऊन विका. काळ्या, गडद निळ्या गाडीचा मालक आनंदाने देईल. पांढऱ्या गाडीवाल्याला आग्रह करू नका, त्याला डाग दिसतच नाहीत.

तरीही डीआय सुरू करायचंच असेल तर मशीन घेण्याआधी दोन ठिकाणी बघा. पहिलं, बॅटरीच्या पाण्याचा मोठा कॅन आणि हाताने हवा भरायचा फवारणी पंप. सुरुवातीच्या पंधरा-वीस गाड्या यावर होतात आणि लोक जास्तीचे पैसे देतात की नाही ते कळतं. पंप नवा घ्या, बागेत औषध मारलेला नको. दुसरं ठिकाण लॉजच्या मागे आहे. एसीच्या पाइपमधून टपटपणारं पाणी म्हणजे हवेतली वाफ थंड होऊन झालेलं पाणी, त्यात क्षार जवळपास नसतात. आपल्या दमट हवेत एका खोलीचा एसी रात्रभर चालला की पाच-सात लिटर सहज जमतं. दहा खोल्यांच्या लॉजवाल्याशी बोला, ते पाणी तो फेकूनच देतोय. फडक्यातून गाळा, मीटरने मोजा आणि आकडा कमी आला तर वापरा. (बॅटरीत मात्र घालू नका.) पाहुण्यांच्या गाड्यासुद्धा त्याच अंगणात उभ्या असतात. पन्हळीचं पावसाचं पाणीही चालतं, पण पहिले पाऊस सोडून द्यायचे, कारण छपरावरचं मीठ आणि धूळ त्यात उतरते.

धुण्याची पद्धत थोडक्यात. आधी साध्या पाण्याने वाळू सोडवा, वाळूवर स्पंज फिरवलात तर ओरखडे तुमच्या नावावर. मग शाम्पू, मग पुन्हा साधं पाणी आणि ते वाळायच्या आत वरून खाली डीआयचा हलका फवारा. आरसे आणि नंबर प्लेटच्या मागे साधं पाणी अडकून राहतं आणि दहा मिनिटांनी ओघळतं, तिथे फवारा जरा जास्त मारा, नाहीतर गिऱ्हाईक नेमकं तेच बोट दाखवून विचारेल.

विकताना एक वाक्य कधीच बोलू नका: "डीआयने जुने डाग जातात." जात नाहीत. जुन्या क्षारांना सौम्य आम्लाचा क्लीनर लागतो आणि रंगात उतरलेल्या डागाला पॉलिश. तसंच, संपलेलं रेझिन घरी ॲसिड आणि कॉस्टिक घालून पुन्हा चालू करा, असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. ते काम अंगणात करायचं नाही, त्याचं सांडपाणी विहिरीजवळ तर अजिबात जाऊ द्यायचं नाही.

सीझनचा हिशेबही आत्ताच मांडा. गणपतीला चाकरमानी गाड्या घेऊन येतात, पण तेव्हा आकाशच गाड्या धुतंय. खरे दिवस दिवाळीपासून शिमग्यापर्यंत, आणि मेमध्ये गाड्या सर्वांत जास्त, पाणी सर्वांत कमी. त्या महिन्यासाठी रेट कार्ड वेगळं छापा: बादलीभर पाण्यातली धुलाई, खालच्या मिठाची धुलाई आणि ज्यांना हवं त्यांनाच दहा लिटरचा फवारा.