चार वर्षांची ग्रॅच्युइटी कुणाची?

नाशिकच्या सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात नव्याने लागलेल्या एखाद्या तरुणाचे नेमणूक पत्र पाहा. पॅकेजच्या तक्त्यात मूळ पगार, घरभाडे भत्ता, भविष्य निर्वाह निधी यांच्याखाली पुष्कळदा आणखी एक ओळ असते : ग्रॅच्युइटी, मूळ पगाराच्या 4.81 टक्के. घरी, नातेवाइकांत, लग्नाच्या बोलणीत पॅकेजचा जो आकडा सांगितला जातो, त्यात ही रक्कम धरलेली असते. पण चार वर्षांनी हाच मुलगा राजीनामा देतो, तेव्हा फुल अँड फायनलच्या कागदावर ती ओळ नसते. विचारले तर एचआरचे उत्तर ठरलेले : पाच वर्षे भरली नाहीत.

उत्तर कायद्याला धरून आहे, म्हणून बोलायचे ते कायद्याबद्दलच. 1972च्या ग्रॅच्युइटी कायद्याने नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचा पगार देऊ केला आणि महिना 26 दिवसांचा धरला. शेवटचा मूळ पगार व महागाई भत्ता मिळून 18,000 रुपये असेल, तर वर्षाला सुमारे 10,385 रुपये होतात. चार वर्षांचे साडेएक्केचाळीस हजार. नोकरी बदलताना मधल्या एक-दोन महिन्यांचे घरभाडे, किराणा आणि गाडीचा हप्ता या पैशांत निघतो. मृत्यू किंवा अपंगत्व आले तर पाच वर्षांची अट नाही. स्वतः नोकरी सोडली तर मात्र आहे.

अट घातली तेव्हाचे नाशिक वेगळे होते. मायको कंपनीत, ओझरच्या एचएएल या विमान कारखान्यात किंवा नोटांच्या प्रेसमध्ये लागलेला माणूस तिथूनच निवृत्त व्हायचा. ग्रॅच्युइटीकडे दीर्घ, इमानी सेवेचे बक्षीस म्हणून पाहिले जाई, त्यामुळे पाच वर्षे जाचक वाटत नव्हती. आता त्याच शेडमध्ये ट्रेनी, ठेकेदाराचा माणूस, ठरावीक मुदतीचा आणि कायम असे चार प्रकारचे कामगार शेजारी शेजारी उभे असतात. ठेकेदाराकडून ‘ब्रेक’ मिळालेल्या माणसाचे मशीन तेच राहते, हजेरीपटावरची तारीख तेवढी नवी होते. अशा ठिकाणी पाच वर्षे भरणे कामगाराच्या हातात किती उरते?

21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि 1972चा कायदा तिच्यात विरला. ठरावीक मुदतीच्या कामगाराला पाच वर्षे थांबावे लागणार नाही. एक वर्ष काम केले तरी मुदत संपताना त्या प्रमाणात ग्रॅच्युइटी मिळेल, असे सरकारने स्पष्ट केले आहे. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील, तर वरचा भाग वेतनातच धरला जाणार, म्हणजे मूळ पगार मुद्दाम कमी दाखवून ग्रॅच्युइटी घटवण्याची वाटही अरुंद झाली. या दोन्ही सुधारणांचे मनापासून स्वागत.

पण यातून एक अन्याय उघडा पडला. दोन वर्षांच्या करारावरचा कामगार मुदत संपल्यावर ग्रॅच्युइटी घेऊन बाहेर पडेल आणि त्याच लाइनवर चार वर्षे काढलेला कायम कामगार राजीनामा देऊन रिकाम्या हाताने. पहिल्याला मिळते ते योग्यच आहे. ग्रॅच्युइटी वर्षागणिक कमावली जाते, हे कायद्याने त्याच्या बाबतीत मान्य केले, मग दुसऱ्याची चार वर्षे कंपनीकडे कोणत्या न्यायाने राहतात? पॅकेजमध्ये ती मोजली असेल, तर बक्षिसाचा युक्तिवादही संपतो. जे मोबदला म्हणून दाखवले ते मोबदला म्हणूनच द्यायला हवे.

कायदा बदलेपर्यंत कामगारांनी काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. राजीनामा दिला की ग्रॅच्युइटी बुडते, हा समज साफ चुकीचा आहे. पाच वर्षे भरली असतील तर राजीनाम्यावरही ती मिळते, तीही 30 दिवसांत. उशीर झाला तर व्याजासह. नोटीस पिरियड पूर्ण केला नाही म्हणून ती अडवून धरता येत नाही. आणि चार वर्षे होऊन गेली असतील, तर राजीनाम्याची तारीख टाकण्याआधी दिवस मोजावेत. पाचव्या वर्षी 240 दिवस काम भरले की ते वर्ष पूर्ण धरावे, असा निर्णय मद्रास उच्च न्यायालयाने मेटूर बीअर्डसेल प्रकरणात दिला होता. आठवड्यात सहा दिवसांपेक्षा कमी काम चालणाऱ्या आस्थापनांत हा आकडा 190 आहे. सगळेच मालक हा अर्थ मानत नाहीत आणि म्हणूनच तो संहितेत स्वच्छ शब्दांत यायला हवा होता. तो आलेला नाही.

दिवस मोजण्याचा हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. सोलापूरच्या लक्ष्मी-विष्णू मिलच्या कामगारांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 1981 साली निकाल कामगारांच्या विरोधात लागला : ज्या वर्षी प्रत्यक्ष 240 दिवस काम नाही, त्या वर्षाची ग्रॅच्युइटी नाही, कामगार कायम असला तरी. आजारपण, अपघात, ले-ऑफ यांत गेलेली वर्षे अशीच पुसली गेली असती. संसदेने 1984मध्ये कायदा दुरुस्त केला, तोही 1981पासून मागे जाऊन लागू केला. आज रजा, अपघात, कायदेशीर संप, टाळेबंदी यांनी सेवा खंडित होत नाही, यामागे त्या सोलापूरकरांचा लढाही आहे. न्यायालयात हरलेली बाजू संसदेत उभी राहू शकते, याचा इतका जवळचा दाखला दुसरा नाही.

पाच वर्षांची अट काढण्यासाठी दिल्लीकडे आग्रह धरायलाच हवा. पण नाशिकला तोवर थांबण्याचे कारण नाही. करारातून कायद्यापेक्षा चांगली ग्रॅच्युइटी देण्याची मुभा जुन्या कायद्यात होती आणि ती संहितेतही आहे. इथल्या कारखान्यांत वेतनवाढीचे करार दर काही वर्षांनी होतात. किती हजारांची वाढ मिळाली, याच्या बातम्या झळकतात, गुलाल उधळला जातो. सीटूसारख्या कामगार संघटनांपासून कंपनीअंतर्गत युनियनपर्यंत सर्वांनी पुढच्या मागणीपत्रात एक कलम घालावे : एक वर्ष पूर्ण केलेल्या प्रत्येक कामगाराला, तो कोणत्याही कारणाने नोकरी सोडो, झालेल्या सेवेच्या प्रमाणात ग्रॅच्युइटी. ज्या व्यवस्थापनाने ती 4.81 टक्क्यांनी पॅकेजमध्ये आधीच मोजली आहे, त्याला या कलमावर सही करायला हरकत काय, हे त्याने वाटाघाटीच्या टेबलावर सांगावे.