विश्लेषण: कॉम्प्युटर वेगवान, तरी रेकॉर्डिंगमध्ये आवाज का तुटतो? नवं मशीन घेण्याआधी काय तपासावं?

विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे चालू स्थितीतले असंख्य कॉम्प्युटर एका रात्रीत 'जुने' ठरले. घरच्या घरी गाणी, पॉडकास्ट किंवा ऑडिओबुक रेकॉर्ड करणाऱ्यांना तर नवं मशीन घ्यायला आणखी एक कारण दिसतं. रेकॉर्डिंग सुरू केलं की मध्येच 'टक' असा आवाज येतो, सूर तुटतो आणि सॉफ्टवेअरमधला सीपीयू मीटर लाल होतो. मशीन दमलं, असा निष्कर्ष लगेच काढला जातो. तो अनेकदा चुकीचा असतो, आणि नवा लॅपटॉप घेऊनही कडकड तशीच राहते. असं का होतं?

आवाज तुटतो म्हणजे नेमकं काय होतं?

माइकमधून आलेला आवाज ऑडिओ इंटरफेस आकड्यांमध्ये बदलतो. ४८ किलोहर्ट्झवर रेकॉर्डिंग असेल, तर दर सेकंदाला ४८,००० नमुने, म्हणजे सॅम्पल, तयार होतात. कॉम्प्युटर ते एकेक करून हाताळत नाही. तो त्यांचे गठ्ठे करतो. या गठ्ठ्याला बफर म्हणतात. बफर १२८ सॅम्पलचा असेल, तर एका गठ्ठ्यासाठी सुमारे २.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या वेळात सगळे ट्रॅक, रिव्हर्ब, कॉम्प्रेसर असं सर्व गणित आटोपून पुढचा गठ्ठा तयार ठेवावा लागतो. तो वेळेत आला नाही, तर वाजवायला काहीच नसतं. त्या रिकाम्या क्षणाचाच 'टक' ऐकू येतो.

पंगतीत असंच होतं. स्वयंपाकघरात शंभर माणसांचं जेवण तयार असलं, तरी वाढपी वेळेवर आला नाही तर पान रिकामं राहतं. इथे कमतरता अन्नाची नाही, वेळेची आहे. रेकॉर्डिंगमधला आवाज तुटतो तोही बहुतेक वेळा असाच.

बफर मोठा केला तर प्रश्न सुटत नाही का?

सुटतो, पण त्याची किंमत द्यावी लागते. १,०२४ सॅम्पलचा बफर ठेवला, तर ४८ किलोहर्ट्झवर एका बाजूचाच उशीर सुमारे २१ मिलिसेकंद होतो. आवाज आत येऊन हेडफोनपर्यंत परत जाईपर्यंत तो दुपटीहून जास्त होतो. हवेत आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे १० मिलिसेकंदांचा उशीर हा स्पीकरपासून साडेतीन मीटर लांब उभं राहण्यासारखा, तर ४० मिलिसेकंदांचा उशीर सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला उभं राहण्यासारखा. स्वतःचा सूर इतका मागून कानात आला, तर गायक लयीत राहू शकत नाही. तबल्यासारख्या वाद्याला तर तो लगेच जाणवतो.

म्हणून जाणकार दोन वेगवेगळी सेटिंग वापरतात. रेकॉर्ड करताना बफर ६४ ते २५६ सॅम्पल आणि इफेक्ट कमीत कमी. मिक्सिंग करताना बफर १,०२४ किंवा त्याहून मोठा, कारण तेव्हा कोणी गात नसतं. बहुतेक इंटरफेसवर 'डायरेक्ट मॉनिटरिंग'चं बटण किंवा नॉबही असतो. त्यातून गायकाचा आवाज कॉम्प्युटरला वळसा घालून थेट हेडफोनमध्ये जातो आणि बफर कितीही असला तरी उशीर जाणवत नाही.

टास्क मॅनेजर ३० टक्के दाखवतो, सॉफ्टवेअर ९५ टक्के. खरं कोण?

दोन्ही खरे आहेत, कारण ते वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. टास्क मॅनेजर सगळ्या कोरच्या कामाची काही काळाची सरासरी दाखवतो. रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरचा मीटर साधारणपणे हे सांगतो, की प्रत्येक गठ्ठ्यासाठी मिळालेल्या वेळेपैकी किती वापरला गेला. सरासरी कमी असूनही एखादा गठ्ठा उशिरा पोहोचू शकतो, आणि एक 'टक' यायला तेवढं पुरतं.

दुसरं कारण कोरच्या वाटणीत आहे. एका ट्रॅकवरचे इफेक्ट एकामागून एक चालतात. आधीच्या इफेक्टचं काम झाल्याशिवाय पुढच्याला सुरुवात करता येत नाही. त्यामुळे एकाच ट्रॅकवर दहा जड प्लगइन लावले, तर एक कोर घामाघूम होतो आणि बाकीचे सात बसून राहतात. मास्टर ट्रॅकवर हे हमखास घडतं, कारण सगळा आवाज तिथूनच जातो.

मग वेळ खातं कोण?

पहिला संशयित ड्रायव्हर. वाय-फाय, ब्लूटूथ, ग्राफिक्स कार्ड यांचे ड्रायव्हर विंडोजमध्ये प्रोसेसरला मध्येच थांबवून आपलं काम आधी करून घेतात. एखाद्याने तीन मिलिसेकंद घेतले, तर १२८ सॅम्पलचा गठ्ठा हुकलाच. प्रोसेसर कितीही महाग असला तरी त्याने फरक पडत नाही. नव्या लॅपटॉपवरही कडकड येण्याचं हे मोठं कारण आहे.

दुसरा संशयित वीजबचत. काम कमी दिसलं की प्रोसेसर वेग उतरवतो आणि कोर झोपवतो. पुन्हा जागं व्हायला लागणारा वेळ एरवी कळतही नाही, इथे मात्र तो ऐकू येतो. तिसरा संशयित उष्णता. एप्रिल-मे महिन्यात विदर्भात पारा चाळिशीपार गेला आणि लॅपटॉप गादीवर ठेवला, तर प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग घटवतो. पहिली दहा मिनिटं रेकॉर्डिंग नीट आणि मग कडकड सुरू, असं झालं तर आधी उष्णता तपासावी.

एक फरकही लक्षात ठेवायला हवा. सतत येणारी 'हूं' अशी घरघर ही बहुधा अर्थिंगची किंवा केबलची तक्रार असते. तिचा बफरशी संबंध नाही.

तपासणीचा क्रम काय असावा?

१. प्रोजेक्ट रिकामा करून पाहावा. एकही प्लगइन नसताना आवाज तुटला, तर दोष ड्रायव्हर, केबल किंवा सिस्टिमचा. प्लगइन लावल्यावरच तुटला, तर दोष प्रोजेक्टमध्ये.

२. इंटरफेस यूएसबी हबमधून काढून थेट कॉम्प्युटरला जोडावा. कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर असेल तर तोच वापरावा.

३. चार्जर लावून पॉवर प्लॅन 'हाय परफॉर्मन्स'वर ठेवावा.

४. रेकॉर्डिंगपुरते वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद करावेत. फरक पडला, तर चोर सापडला. नाही पडला, तर लेटन्सीमॉन हे साधन काही मिनिटं चालवावं. कोणता ड्रायव्हर प्रोसेसर अडवून धरतो, ते त्यात नावासकट दिसतं.

५. जड ट्रॅक 'फ्रीझ' करावेत. यात इफेक्टसकट तयार आवाजाची तात्पुरती फाइल बनते आणि प्रोसेसरवरचं ओझं उतरतं. ओव्हरसॅम्पलिंग आणि लिनियर फेज हे पर्याय रेकॉर्डिंगच्या वेळी बंद ठेवावेत.

एका वेळी एकच बदल करावा. पाच गोष्टी एकदम बदलल्या, तर दुखणं थांबेल, पण औषध कोणतं लागू पडलं ते कळणार नाही.

कंपन्या काय करत आहेत?

विंडोजमध्ये सर्व ॲपचे आवाज एकत्र करणारी यंत्रणा उशीर वाढवते. तिला बगल देण्यासाठी स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने १९९७ मध्ये एएसआयओ आणलं. मात्र ते विंडोजचा भाग नसल्याने प्रत्येक इंटरफेस कंपनीला आपला ड्रायव्हर स्वतः लिहावा लागला, आणि कमी-जास्त दर्जाचे ड्रायव्हर बाजारात आले. ॲपलच्या मॅकमध्ये कोअर ऑडिओ ही यंत्रणा सिस्टिममध्येच आहे, त्यामुळे तिथे हा त्रास तुलनेने कमी. एएसआयओसह नवा यूएसबी ऑडिओ ड्रायव्हर विंडोजमध्येच देण्याचं काम सुरू असल्याचं मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये जाहीर केलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये स्टाइनबर्गने एएसआयओ हे जीपीएल ३ या मुक्त परवान्याखालीही उपलब्ध केलं. ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरची परवान्याची जुनी अडचण त्यामुळे दूर होऊ शकते.

लिनक्समध्ये काम ठरलेल्या वेळेत पूर्ण व्हावं यासाठीची 'रिअल-टाइम' सुधारणा सुमारे २० वर्षं वेगळी सांभाळली जात होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या ६.१२ या आवृत्तीपासून ती मुख्य कर्नेलचा भाग आहे. दिशा सगळीकडे एकच आहे: नुसता वेग वाढवण्याऐवजी वेळेची हमी देणं.

नवं मशीन केव्हा घ्यावं?

तपासणीत ड्रायव्हर, वीज आणि उष्णता निर्दोष ठरल्या, बफर मोठा केला, ट्रॅक फ्रीझ केले, आणि तरीही काम अडतं, तेव्हा. अशा वेळी कोर किती यापेक्षा एका कोरचा वेग किती आणि थंड ठेवण्याची सोय कशी, हे आधी पाहावं. सुरक्षा अपडेटचा प्रश्न मात्र वेगळा आहे आणि तो टाळता येत नाही. विंडोज १० वापरणाऱ्या घरगुती ग्राहकांना नोंदणी केल्यास १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतील. त्यानंतर जुनं मशीन इंटरनेटपासून तोडून फक्त रेकॉर्डिंगसाठी ठेवणं, किंवा त्यावर लिनक्स आणि आर्डरसारखं सॉफ्टवेअर वापरणं हे पर्याय उरतात. लिनक्सवर विंडोजचे सगळे प्लगइन चालत नाहीत, हे आधीच गृहीत धरावं.

नव्या लॅपटॉपला लागणाऱ्या पैशात चांगला माइक येतो, खोलीला जाड पडदे लागतात. ऐकणाऱ्याला जाणवतात ते हेच. त्यामुळे खिशात हात घालण्याआधी वाय-फाय बंद करून एकदा रेकॉर्ड करून पाहणं शहाणपणाचं.