वॉचमनच्या वहीतले नंबर

पुण्यात कर्वेनगरमधल्या आमच्या सोसायटीत वॉचमनच्या केबिनमध्ये खिळ्याला एक दोनशे पानी वही टांगलेली आहे. कव्हर कधीच फाटलंय, पहिली पानं पावसानं फुगली आहेत. तिच्यात नावं थोडी आणि कामं जास्त: ‘नळवाले काका’, ‘जाळीवाला’, ‘टाकी धुणारे’, ‘मिक्सर-गिझर’. नळवाल्या काकांच्या नंबरापुढे कुणीतरी निळ्या पेननं लिहिलंय, ‘गुरुवारी येत नाहीत.’ जाळीवाल्यापुढे लिहिलंय, ‘नंबर बायकोचा आहे, सातनंतर करा.’

ॲपचे आराखडे करणं हा माझा व्यवसाय. गेल्या वर्षी आसपासच्या सहा सोसायट्यांनी घरातली किरकोळ कामं करणाऱ्यांसाठी आपलं एक ॲप करायचं ठरवलं आणि आराखडा माझ्याकडे आला. नाव, फोटो, काम, दर, वेळ आणि शेवटी पाच स्टार, असा पहिला मसुदा मी केला आणि तो दाखवायला नळवाल्या काकांकडे गेले.

दराच्या रकान्यावर ते थांबले. ‘‘ताई, नळ बघितल्याशिवाय दर कसा सांगू?’’ मग त्यांनी पिशवीतून एक जुना स्पिंडल काढून माझ्या हातावर ठेवला. त्याचे आटे पार गुळगुळीत झाले होते. लोक फोनवर एवढंच सांगतात की नळ गळतोय. वॉशर झिजला असेल तर दहा मिनिटांत काम होतं. स्पिंडल गेला असेल तर तो काढून, दुकानात नेऊन, त्याच मापाचा शोधावा लागतो. भिंतीतला पाइप फुटला असेल तर टाइल फोडण्यावाचून इलाज नसतो. तक्रार एकच, पण कामं तीन. ‘‘निम्मा दिवस जिने चढण्यात आणि दुकानाच्या फेऱ्यांत जातो. त्याचे पैसे कोण देतं?’’ काकांनी विचारलं. माझ्या मसुद्यात या प्रश्नाला जागाच नव्हती.

तो मसुदा मी बाजूला ठेवला. आता आमच्या आराखड्यात घरातल्या माणसानं बिघाडाचा फोटो काढायचा आणि काय होतंय ते बोलून पाठवायचं. समोरच्यानंही बोलूनच उत्तर द्यायचं, मराठीत, हिंदीत, कन्नडमध्ये, जी जमेल त्या भाषेत. टाइप करण्याची सक्ती नाही. फोटो बघून काका स्पिंडल बरोबर घेऊनच निघतात आणि एक फेरी वाचते. दर काम बघितल्यावर ठरतो. पण येण्याचे पैसे आधीच ठरलेले असतात आणि काम झालं नाही तरी ते द्यावेच लागतात. ही अट सोसायट्यांच्या बैठकीत सहज मान्य झाली नाही. तरी ती ठेवावी असा आग्रह मी धरला, कारण माणसाचा वेळ फुकट असतो हे गृहीत धरून केलेली कोणतीही सोय टिकत नाही.

स्टार मी काढून टाकले. मिक्सर-गिझर दुरुस्त करणारे दादा पूर्वी एका मोठ्या ॲपवर काम करायचे. लिफ्ट बंद होती, ते आठवा मजला चढून गेले, पोचायला उशीर झाला म्हणून दोन स्टार मिळाले आणि त्यानंतर त्यांना कामं येणं कमी झालं. आपलं म्हणणं मांडायची सोय त्यांना नव्हती. आमच्याकडे स्टारऐवजी शेजाऱ्याचा शब्द असतो: ‘बी विंगमधल्या आजींकडे तीन वर्षं येतात.’ तक्रार लिहायची तर कारण द्यावं लागतं आणि त्याखाली कारागिराला उत्तर देता येतं. कोणत्या घरानं पैसे थकवले हेही कारागीर नोंदवू शकतो. अनोळखी माणूस घरात घेण्याची भीती खरी आहे, विशेषतः एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची. ती भीती शेजारणीच्या ओळखीनं जितकी कमी होते तितकी आकड्यानं होत नाही.

मोठ्या ॲपनी प्रशिक्षण दिलं, कामाची पावती दिली, हे मी नाकारत नाही. कायदाही या कामगारांची दखल घेऊ लागला आहे. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनं गिग आणि प्लॅटफॉर्म कामगार कोण हे पहिल्यांदा सांगितलं आणि ॲप चालवणाऱ्या कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम त्यांच्या सुरक्षेसाठी द्यावी अशी तरतूद केली. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. पण वहीतल्या नंबरावर काम मिळवणाऱ्याच्या मागे कोणतीही कंपनी नसते. त्याच्यासाठी असंघटित कामगारांची नोंद ठेवणारं, ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेलं ई-श्रम पोर्टल आहे. म्हणून आमच्या ॲपवर नाव घालायला येणाऱ्याला आम्ही आधी ई-श्रमची नोंद झाली आहे का ते विचारतो. नसेल तर सोसायटीतली कॉलेजची मुलं तिथेच बसून ती करून देतात.

राहिला प्रश्न मालकीचा. त्याचं उत्तर शोधायला पुणेकरांना लांब जावं लागत नाही. १९९३ मध्ये इथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्या स्वतःच्या मालकीची सहकारी संस्था आली आणि २००८ मध्ये तिनं पुणे महापालिकेशी करार केला. दारोदार कचरा घेणाऱ्या ताई महिन्याचे पैसे थेट घरांकडून घेतात. आमच्या ॲपवरही पैसे घरातून सरळ कारागिराच्या हातात किंवा यूपीआयवर जातात आणि त्यातून कमिशन कापलं जात नाही. सर्व्हरचा खर्च सोसायट्या देखभाल निधीतून देतात. समितीत निम्मी माणसं कारागीर असावीत, असा ठराव मी मांडला आहे. तो मंजूर होईपर्यंत हे ॲप त्यांचं झालं असं मी म्हणणार नाही.

काकांचा गुरुवार आता ॲपमध्ये आहे. त्या दिवशी त्यांचं नाव दिसतच नाही. जाळीवाल्याचं नाव संध्याकाळी सातनंतर दिसतं. ही अक्कल त्या फाटक्या वहीत आधीपासूनच होती. कुणीतरी समोरच्या माणसाचा दिवस कसा जातो हे विचारलं होतं आणि पेननं लिहून ठेवलं होतं.

तुमच्या सोसायटीतही अशी वही असेल. ॲप करायला घेण्याआधी ती खिळ्यावरून काढा, तिच्यातल्या पाच जणांना बोलावून चहा द्या आणि विचारा, काम मिळवण्यात आणि करण्यात तुमचा दिवस कुठे वाया जातो? पहिला स्क्रीन त्यांच्या उत्तरांवरून काढा.