ड्रोनला माडिया येते का?

मित्रांनो, ड्रोन म्हटलं की आपल्याकडे चर्चा रेंज आणि कॅमेऱ्याचीच! गडचिरोलीत नक्षलवाद्यांच्या शोधासाठी पोलीस ड्रोन वापरतात. थर्मल कॅमेऱ्यात माणसाच्या अंगाची ऊब दिसते; पण तो तेंदूपत्ता तोडणारा आहे की बंदूकवाला, हे ऊब कसं सांगणार? आणि रस्त्यात पुरलेला सुरुंग? १ मे २०१९ रोजी जांभुळखेड्याजवळ अशाच स्फोटात १५ जवान आणि त्यांचा ड्रायव्हर गेले.

तिथलं सी-६० पथक १९९० मध्ये उभं राहिलं ते स्थानिक तरुणांच्या जोरावर. त्यांना वाटा ठाऊक, गोंडी-माडिया बोलता येते. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी भूपती ६० साथीदारांसह शरण आला. चकमकींचा दबाव होताच. पण शस्त्र खाली ठेवायला समोर बोलणारं माणूसही लागतं.

म्हणून माझं स्पष्ट मत : ड्रोनने पाहावं, गोळीचा निर्णय मात्र गावाची भाषा जाणणाऱ्या माणसाने घ्यावा. चूक झालीच, तर गावाला उत्तर द्यायला कुणीतरी हवं ना? उद्या अशा यंत्राचा एखादा पार्ट वालीवच्या गाळ्यात आपल्याच हातून बनेल. तेव्हा हा प्रश्न फक्त पोलिसांचा राहणार नाही. पटतंय का?